एडीएचडीसाठी बालविकास केंद्रात घालवलेले अकरा शनिवार : एका सेवेचे परीक्षण

पुण्यातील एका खासगी बालविकास केंद्रात आमच्या मुलाचे एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाणाऱ्या विकारासाठी, मूल्यमापन झाले आणि त्यानंतर आम्ही दोघा पालकांनी तेथील आठ आठवड्यांचा प्रशिक्षण वर्ग पूर्ण केला. मूल्यमापनाच्या तीन भेटी आणि वर्गाचे आठ दिवस, असे अकरा शनिवार आम्ही सातारा ते स्वारगेट विनाथांबा एसटीने गेलो आणि रात्री परतलो. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशा सेवेकडे जाताना पालकांनी काय मागून घ्यावे, कशासाठी पैसे मोजावेत आणि कशाला नाही म्हणावे, एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते सांगताना काही उणिवाही लिहाव्या लागणार आहेत. माझे मत आधीच नोंदवते: मूल्यमापन चांगले झाले, पालकवर्ग त्याहून चांगला होता, अहवाल आणि शाळेशी संपर्क या दोन्ही बाबतींत केंद्राने आमची निराशा केली आणि थेरपीचे जे पॅकेज आम्हाला सुचवले गेले त्याची आम्हाला गरज नव्हती.

मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. बालवाडीपासून त्याच्याबद्दल एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो, की हा बूड टेकून बसत नाही. तिसरीत दैनंदिनीत जवळपास रोज ‘वर्गकार्य अपूर्ण’ असा लाल शेरा येऊ लागला. शाळेतून येताना काहीतरी हरवलेले असायचे. कधी डब्याचे झाकण, कधी खोडरबर, आणि एकदा तर एकाच पायातला मोजा. वाचायला येते, पाढे पाठ आहेत, पण पाच उदाहरणे दिली तर दोन सोडवून तिसऱ्याच्या मध्यावर तो खिडकीशी उभा असतो. सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवून झाली, नातेवाइकांनी “एकुलता एक आहे, लाडावलाय” असे निदान करून झाले. या केंद्राच्या आधी आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो होतो. तेथे दहा मिनिटांत माझे बोलणे ऐकून, मुलाशी एक शब्दही न बोलता, औषध लिहून देण्यात आले. ते औषध आम्ही दिले नाही. तीन महिन्यांत एकाग्रता वाढवून देणाऱ्या, मुलांना डोळे बांधून वाचायला लावणाऱ्या एका वर्गाचीही चौकशी केली आणि शुल्क ऐकण्याआधीच उठून आलो. या दोन अनुभवांनंतर जे केंद्र ‘निदानाला तीन भेटी लागतील’ असे फोनवर स्पष्ट सांगते, त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला.

पहिल्या भेटीत विकासात्मक बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी आम्हाला पूर्ण दीड तास दिला. त्यांनी गरोदरपणापासून सुरुवात केली. कितव्या आठवड्यात जन्म झाला, वजन किती होते, कधी चालला, कधी दोन शब्दांचे वाक्य बोलला, कधी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, घरात सतत भांडणे किंवा अलीकडे एखादा मृत्यू झाला आहे का, हे सगळे त्यांनी विचारले. मुलगा झोपेत घोरतो का, तोंड उघडे टाकून झोपतो का, हा प्रश्न मला तेव्हा अवांतर वाटला. त्यांनी समजावून सांगितले, की नाकामागची ग्रंथी वाढल्यामुळे ज्या मुलांची झोप रात्रभर मोडत राहते ती मुले दिवसा पेंगत नाहीत, उलट सैरभैर होतात, आणि मग त्यांच्यावर चंचलतेचा शिक्का बसतो. कान आणि डोळे तपासून घेण्यास त्यांनी त्याच दिवशी सांगितले. एका कानाने कमी ऐकू येणारे मूलही वर्गात ‘लक्ष न देणारे’ ठरते, हे मी स्वतः शिक्षिका असूनही कधी मनात आणले नव्हते.

या विकारासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे चित्र काढूनही निदान होत नाही, हे त्यांनी आमच्या प्रश्नाची वाट न पाहता सांगितले. निदान होते ते निकष लावून. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनची २०१३ सालची, २०२२ मध्ये सुधारलेली नियमावली त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यात लक्ष टिकवण्यातील अडचणींची नऊ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची नऊ लक्षणे दिलेली आहेत. मुलांच्या बाबतीत यांपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात, ती वयाला न शोभण्याइतकी असावी लागतात, त्यांतील काही वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी ती आढळावी लागतात. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फक्त शाळेतच चुळबुळ करणाऱ्या मुलाला कदाचित फळ्यावरचे दिसत नसेल, किंवा त्याला वाचनाचीच अडचण असेल. फक्त घरातच आदळआपट करणाऱ्या मुलाचे कारण घरात असू शकते. म्हणूनच केंद्राने एक प्रश्नावली आमच्याकडून आणि दुसरी वर्गशिक्षिकेकडून भरून घेतली. शाळेची प्रश्नावली भरून आल्याशिवाय दुसऱ्या भेटीची तारीख दिली नाही, याबद्दल तेव्हा मला राग आला होता. आता ती शिस्त योग्य वाटते. आधीच्या दवाखान्यात शाळेचे नावसुद्धा कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या भेटीत मानसशास्त्रज्ञ मॅडमनी मुलाची बुद्धिमापन चाचणी घेतली. ती कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली बिने-कामत चाचणी होती, आणि संपूर्ण संवाद मराठीत झाला. मराठी माध्यमाच्या मुलासाठी हे फार मोलाचे आहे. चाचणीनंतर त्यांनी मला खोलीच्या कोपऱ्यात बसून पाहण्याची परवानगी दिली. त्यांनी मुलाला सांगितले, “शेजारच्या खोलीत जा आणि निळा चेंडू, कात्री आणि टेबलावरची वही घेऊन ये.” तो उत्साहाने धावत गेला आणि बऱ्याच वेळाने फक्त चेंडू घेऊन, तो भिंतीवर आपटत परत आला. कात्रीचे काय झाले असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता; आपल्याकडून पुन्हा काहीतरी चुकले आहे आणि आता ओरडा बसेल, एवढेच त्यावर होते. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर पेला, पेन्सिल आणि टोपी अशी तीन छोटी चित्रे काढून त्याच्या हातात दिली. तो गेला आणि चिठ्ठीवर बोट ठेवत ठेवत तीनही वस्तू घेऊन आला.

“ताई, तो ऐकत नाही असं नाही,” त्या मला म्हणाल्या. “ऐकलेलं दारापर्यंत जाईतो निसटून जातं.”

त्या एका मिनिटाने जे समजले ते मला वर्षभरात कोणी समजावले नव्हते. ‘अवधान-अभाव’ हा जो मराठी शब्द छापलेला दिसतो त्याने गैरसमज होतो, कारण अवधान नसते असे नाही, ते हवे तेव्हा हवे तेथे वळवणे आणि धरून ठेवणे जमत नाही. “कार्टून बघताना दोन तास हलत नाही की!” या प्रत्येक आजी-आजोबांच्या आक्षेपाचे उत्तर यातच आहे. जेथे दर क्षणाला नवे काही घडते आणि बक्षीस लगेच मिळते तेथे लक्ष आपोआप खेचले जाते. बारा उदाहरणांच्या गृहपाठाला ते आतून पुरवावे लागते आणि या मुलांची नेमकी तीच यंत्रणा उशिरा तयार होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंदूच्या बाह्यपटलाची वाढ मोजली होती. या पटलाच्या निम्म्या भागांची जाडी कमाल मर्यादेला पोचण्याचे वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षे होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. हा फरक सर्वाधिक दिसला तो कपाळामागच्या, म्हणजे आवर घालण्याचे आणि आखणी करण्याचे काम करणाऱ्या भागांत. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर माझ्या यजमानांनी फक्त एवढेच विचारले, “म्हणजे काही गोष्टींत तो अजून पाच वर्षांचा आहे असं समजून वागायचं का?” डॉक्टर म्हणाल्या, की वागणुकीच्या अपेक्षांपुरते तसे समजायला हरकत नाही, बुद्धीच्या बाबतीत मात्र मुळीच नाही.

तिसऱ्या भेटीत निदान सांगितले गेले: एडीएचडी, दोन्ही गटांतील लक्षणे असलेला प्रकार. वाचन-लेखनाची अडचण सोबत आहे का याची चाचणी पुढच्या वर्षी घेऊ, असे ठरले. जगभरातील पाहण्यांचा एकत्र विचार केला तर साधारण पाच टक्के मुलांत हा विकार आढळतो. साठ मुलांच्या वर्गात तीन. मी वीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवते आहे. परतीच्या एसटीत मी माझ्या जुन्या वर्गांतले बाक आठवत होते आणि प्रत्येक वर्गातली ती तीन मुले मला नावानिशी आठवली. त्यांच्यापैकी कितीजणांना मी तासभर वर्गाबाहेर उभे केले तेही आठवले. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा बुद्धीची कमतरता नसूनही त्यांच्यात नैतिक संयमाचा दोष आहे, असे त्यांनी म्हटले होते. सध्याचे नाव १९८७ साली रूढ झाले. आपल्याकडच्या शिक्षकांच्या खोलीत मात्र १९०२ सालचीच भाषा अजून चालू आहे, आणि त्या भाषेत मीही बोलत होते.

त्याच प्रवासात खंबाटकी घाट चढताना यजमान बराच वेळ गप्प होते. मग स्वतःहून म्हणाले, की चौथीत असताना मास्तर त्यांना रोज कोंबडा करून उभे करीत आणि आपल्याला असे का होते हे त्यांना कधीच कळले नाही. सासूबाई तर पहिल्यापासून म्हणत होत्या, “अगं, ह्याचा बाप असाच होता. पायाला भिंगरी.” जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या विकारातील फरकांचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिक असल्याचे दिसते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आमच्या घरातील म्हातारीचे निरीक्षण खरे ठरले. लाड, साखर, आईची नोकरी यांमुळे हा विकार होत नाही, हे त्यांनी मुलाच्या आजीसमोर पुन्हा एकदा सांगितले. त्यासाठी आम्ही तिसऱ्या भेटीला त्यांना मुद्दाम सोबत नेले होते, आणि इतर पालकांनीही घरातील वडीलधाऱ्यांना न्यावे असे मी आग्रहाने सांगेन.

आता पालकवर्गाविषयी. दर शनिवारी अकरा ते साडेबारा, सहा कुटुंबे, आठ आठवडे. मुलाला आणायचे नाही, हे ऐकून अनेकजण नाराज होतात, कारण मुलाला ‘दुरुस्त’ करून मिळावे अशी आपली अपेक्षा असते. येथे शिकायचे असते ते पालकांनी. वडिलांची उपस्थिती किमान चार वर्गांना सक्तीची आहे आणि ती सक्ती खरोखर पाळली जाते.

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ होता ‘विशेष वेळ’: रोज १५ मिनिटे मुलासोबत तो खेळेल ते खेळायचे, त्या वेळात सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, चूक सुधारायची नाही. ऐकायला सोपे वाटते. आमच्या मुलाने पहिल्याच दिवशी फरशीवर खडूने सातारा ते कोल्हापूर एसटीचा मार्ग काढला आणि थांब्यांची नावे लिहायला घेतली. ‘उंब्रज’ त्याने ‘ऊबंज’ असे लिहिले. वीस वर्षे शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईला ते तसेच राहू देणे किती कठीण गेले ते मलाच माहीत. मी गप्प बसले. त्याने मला कंडक्टर केले, स्वतः ड्रायव्हर झाला आणि पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे एका जागी खेळला. चौथ्या दिवशी तोच वही घेऊन आला आणि म्हणाला, “आई, उंब्रज कसं लिहितात गं?”

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सूचना कशा द्याव्यात ते शिकवले. मी स्वयंपाकघरातून ओरडत असे, “अरे, दात घास, दप्तर भर आणि पाण्याची बाटली घे!” त्या एका दमात तीन कामे होती आणि आम्ही दोघे वेगवेगळ्या खोल्यांत होतो. आता त्याच्याजवळ जायचे, खांद्यावर हात ठेवायचा, नजर मिळाली की एकच काम सांगायचे आणि ते होईपर्यंत तेथेच थांबायचे. पोळी तव्यावर असताना हे जमत नाही, म्हणून सकाळचा स्वयंपाक वीस मिनिटे आधी सुरू करावा लागला. कोणत्याही पुस्तकी सल्ल्याची अशी एक किंमत घरातल्या बाईला मोजावी लागते, आणि वर्गात ती मोकळेपणाने बोलली गेली हे मला आवडले. शाबासकीही नेमकी हवी. नुसते ‘शाब्बास’ म्हटल्याने मुलाला काही कळत नाही. “सांगितल्याबरोबर चपला जागेवर ठेवल्यास” म्हटले की आपण काय केले ते त्याला कळते.

बक्षिसाच्या पद्धतीसाठी केंद्र छापील तक्ता आणि चिकटचित्रे देते. आम्ही त्याऐवजी काचेची बरणी आणि चिंचोके घेतले. एक काम झाले की त्याच क्षणी त्याने स्वतःच्या हाताने एक चिंचोका बरणीत टाकायचा. दहा झाले की संध्याकाळी सायकलची एक जादा फेरी, पन्नास झाले की रविवारी बाबांबरोबर अजिंक्यताऱ्यावर. मिळवलेला चिंचोका शिक्षा म्हणून परत घ्यायचा नाही, हा नियम प्रशिक्षक मॅडमनी आम्हा सगळ्यांकडून वदवून घेतला. बक्षीस तत्काळ का हवे, याचे कारण पुन्हा त्या उशिरा पिकणाऱ्या यंत्रणेतच आहे: ‘परीक्षेत चांगले गुण मिळाले तर दिवाळीत सायकल’ हे आश्वासन या मुलांच्या दृष्टीने फार दूरच्या गावचे असते. चिंचोक्याचा आवाज मात्र आत्ता, या क्षणी येतो.

वेळ दिसावी यासाठी लाल चकती कमी कमी होत जाणारे परदेशी बनावटीचे घड्याळ केंद्राच्या काउंटरवर विकायला ठेवलेले आहे. ते घेऊ नका. आम्ही घरच्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर लाल कागदाचा तुकडा चिकटवला. मोठा काटा लालातून बाहेर पडला की अभ्यास थांबवायचा. दहा मिनिटे अभ्यास, पाच मिनिटे अंगणात, पुन्हा दहा मिनिटे. तेवढ्याने काम भागते.

वर्गातील मोठी उणीव सामग्रीची आहे. दाखवलेल्या सगळ्या चित्रफिती इंग्रजी, सगळी घरे परदेशी, प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली. मूल आदळआपट करू लागले की त्याला पाच मिनिटे शांत जागी एकटे बसवावे, असे त्यात दाखवले होते. आमच्या गटातील एक कुटुंब दोन खोल्यांत सहाजण राहते. त्यांनी शांत जागा कोठून आणायची? प्रशिक्षक मॅडमनी प्रामाणिकपणे त्यावर अर्धा तास चर्चा घडवली आणि शेवटी दाराजवळची एक चटई हीच ती जागा ठरली, पण हा विचार अभ्यासक्रमात आधीच व्हायला हवा होता. दुसरी गोष्ट आमच्या गटातल्या एकमेव मुलीची. ती तेरा वर्षांची होती आणि कधीही कोणाला त्रास न देणारी म्हणून शाळेत सर्वांची आवडती होती. ती पळत नाही, ओरडत नाही, फक्त बाकावर बसून कोठेतरी हरवलेली असते. दवाखान्यांत मुलींपेक्षा मुलेच कितीतरी अधिक आणली जातात, आणि त्याचे एक कारण हे, की शांतपणे मागे पडणाऱ्या मुलीबद्दल कोणी तक्रारच करीत नाही. तिच्या आईने सात वर्षे ‘धांदरट’ हा शब्द ऐकून घेतला होता. केंद्राने आपल्या माहितीपत्रकावर उड्या मारणाऱ्या मुलाचे चित्र छापले आहे; शेजारी एका गप्प बसलेल्या मुलीचेही छापावे, असे मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले.

औषधाबाबत केंद्राची वागणूक मला सर्वांत जबाबदार वाटली. सहा वर्षांखालील मुलांत आधी पालक-प्रशिक्षण आणि त्याहून मोठ्या मुलांत औषध व वर्तनोपचार दोन्ही, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ सालची शिफारस डॉक्टरांनी समजावून सांगितली आणि निर्णय आमच्यावर सोडला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या अमेरिकेतील अभ्यासात मूळ लक्षणांवर काटेकोर देखरेखीखालचे औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा अधिक प्रभावी ठरले होते, हेही त्यांनी लपवले नाही. वर्गाच्या पाचव्या आठवड्यानंतर आम्ही मेथिलफेनिडेट कमी मात्रेत सुरू केले. “मुलाला गुंगीत ठेवता का?” असे नातेवाईक विचारतात. हे गुंगीचे औषध नाही. मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन या संदेशवाहक रसायनांची उपलब्धता ते वाढवते आणि त्यामुळे आवर घालणाऱ्या भागाला बळ मिळते. ते कायद्याने कडक नियंत्रणाखाली असल्याने चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेता ठेवून घेतो. आम्हाला ते साताऱ्यात सहज मिळाले नाही, त्यामुळे महिन्याचे औषध पुण्याहूनच आणावे लागते; दूरच्या गावच्या पालकांनी याची तजवीज आधी करावी. भूक मंदावते, हा परिणाम आम्ही पाहिला. पहिल्या आठवड्यात डबा जसाच्या तसा परत येत होता. आता गोळीच्या आधी थालीपीठ आणि दही पोटभर खाऊ घालतो आणि रात्रीचे जेवण उशिरा, पण भरपूर देतो. दर भेटीत वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नोंदवला जातो, आणि ते केल्याशिवाय पुढची चिठ्ठी मिळत नाही.

आता ज्या गोष्टींनी मनस्ताप झाला त्या. प्रतीक्षागृहात प्रत्येक वेळी अर्धा ते पाऊण तास थांबावे लागले. ज्या मुलांना वाट पाहणे हीच सर्वांत अवघड गोष्ट आहे, त्यांच्यासाठीच्या केंद्रात मोठ्या आवाजातला टीव्ही, गुळगुळीत फरशी आणि उशिरा चालणाऱ्या वेळा असाव्यात हे मला पटत नाही. मूल्यमापनाचे ६,५०० रुपये आणि वर्गाचे ८,००० रुपये मला वाजवी वाटले, परंतु निदान सांगितल्याच्या दिवशीच काउंटरवरून ऑक्युपेशनल थेरपीच्या चाळीस सत्रांचे आगाऊ पैसे भरण्याचा आग्रह झाला. आमच्या डॉक्टरांनी ती थेरपी लिहून दिलेली नव्हती. हाताच्या हालचालींत किंवा लेखनात खरी अडचण असेल तर तिचा उपयोग होतो, पण एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर ती उपचार म्हणून विकली जाऊ नये. आम्ही डॉक्टरांकडे परत जाऊन विचारले तेव्हा त्यांनी स्पष्टपणे “गरज नाही” असे सांगितले. गटातील दोन कुटुंबांनी मात्र न विचारता पैसे भरले होते, आणि त्यांपैकी एकाने त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढले होते. याबद्दल केंद्राने आपल्या काउंटरवरच्या लोकांना खडसावायला हवे.

अहवाल चौदा पानांचा होता आणि संपूर्ण इंग्रजीत होता. मी तो वाचू शकते, तरी त्यातील निम्मी वाक्ये मला दोनदा वाचावी लागली. वर्गशिक्षिकांना तो दिला तेव्हा त्यांनी आदराने कपाटात ठेवला आणि तो तेथेच राहिला. शाळेसाठी मराठीतील एका पानाची सूचना मागितल्यावर ती मिळायला तीन आठवडे लागले. ते पान आले मात्र, आणि त्यातील चार ओळींनी जे साधले ते चौदा पानांनी साधले नव्हते: पहिल्या बाकावर बसवावे, खिडकीपासून दूर, उदाहरणे एकदम बारा न देता चार-चार करून द्यावीत, फळा पुसणे, वह्या वाटणे यांसारखी हालचालीची कामे त्याला द्यावीत, मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू नये. बाईंनी ते पान टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. फळा पुसण्याचे काम आता कायमचे त्याच्याकडे आहे.

खासगी केंद्र परवडत नसेल तर थांबून राहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चालू आहे आणि त्याखाली जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे तपासणी विनामूल्य होते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून कोठे जावे याची विचारणा करता येते. प्रमाणपत्राच्या अपेक्षेने जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे येत नाही, अध्ययन अक्षमता येते. म्हणून दोन्ही सोबत असण्याची शक्यता वाटत असेल तर दुसऱ्या चाचणीचा आग्रह धरावा.

अकराव्या शनिवारनंतर तीन महिने झाले आहेत. लाल शेरे थांबलेले नाहीत, आठवड्यातून पाचाऐवजी एक-दोन येतात. दप्तराच्या आतल्या बाजूला मॅडमच्या चिठ्ठीसारखी चित्रांची पट्टी शिवली आहे आणि डब्याची झाकणे आता घरी येतात. फेरतपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे. या वेळी वर्गशिक्षिका आमच्यासोबत पुण्याला यायला तयार झाल्या आहेत, आणि मी दोनदा लेखी विनंती केल्यावर केंद्राने त्यांच्यासाठी मानसशास्त्रज्ञ मॅडमचा अर्धा तास राखून ठेवला आहे, वेगळे शुल्क न आकारता.